फवारणीआधी झाड वाचावे: पिकावरचा ताण ओळखण्याची रीत

शेतीत नव्याने उतरलेल्या माणसाच्या हाती सर्वांत आधी येतो तो फवारणीचा पंप. पान पिवळे दिसले, शेंडा मान टाकू लागला किंवा फुले गळू लागली की कृषी सेवा केंद्रावर जाऊन लक्षण सांगायचे, मिळेल ते औषध आणायचे आणि मारायचे, हा क्रम गावोगाव रूढ झाला आहे. त्यात पैसा तर जातोच, पण त्याहून मोठे नुकसान असे की खरे कारण मुळाशी तसेच राहते आणि चार दिवस हातचे निघून जातात. पंप भरण्यापूर्वी झाडाकडे कोणत्या क्रमाने पाहावे, ते या लेखात सांगितले आहे. यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक खुरपे, एक धारदार चाकू, दहापट मोठे दाखवणारे भिंग, काचेचा पेला आणि वही.

सुरुवातीला एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. आपल्याला जे लक्षण दिसते ते पुष्कळदा झाडाने स्वतःच केलेला बचाव असतो. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवाटे बाष्प होऊन निघून जाते. ओल कमी पडू लागली की झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते, पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रांच्या, कडेच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी बाहेर पडते, त्या पेशी सैल होतात आणि रंध्र मिटते. ज्वारी आपले पान सुरळीसारखे गुंडाळून उन्हाला कमी पृष्ठभाग दाखवते. तूर पाने उन्हाच्या किरणांना समांतर उभी धरते. ओल आणखी तुटली तर झाड खालची जुनी पाने टाकून देते आणि उरलेली शक्ती मुळे खोल नेण्यात व शेंडा जगवण्यात घालते. या प्रत्येक बचावाची किंमत असते. रंध्रे मिटली की पाणी वाचते, पण कर्बवायूही आत येत नाही, अन्न तयार होणे मंदावते आणि बाष्पाबरोबर बाहेर जाणारी उष्णता अडकून पान तापते. म्हणून पाण्याचा ताण थोडाच काळ राहिला तरी दाण्याच्या वजनात तो उतरतो.

किडी आणि रोगांविरुद्धही झाड असेच लढत असते. बुरशीच्या पेशीभित्तिकेतील कायटिनसारखे पदार्थ पानाच्या पेशींना ओळखू येतात, आणि जेथे शिरकाव झाला असेल तेथील पेशी स्वतःहून मरून जातात, म्हणजे जिवंत पेशींवरच जगणाऱ्या रोगाला पुढे अन्न मिळत नाही. प्रतिकारक वाणाच्या पानावर कधीकधी दिसणारे बारीक, न वाढणारे तपकिरी ठिपके हे अशा यशस्वी बचावाचे असतात. अळीने पान कुरतडले की जस्मोनिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पानात अळीला पचायला जड जाणारी प्रथिने तयार होतात. जिवंत पेशींवर जगणारे रोगजंतू आणि मावा यांच्याविरुद्ध मुख्यतः सॅलिसिलिक आम्लाची यंत्रणा चालते. या दोन यंत्रणा पुष्कळदा एकमेकींना दाबतात, त्यामुळे एका शत्रूशी झुंजणारे झाड दुसऱ्यापुढे उघडे पडू शकते. हरभऱ्याच्या पानावरील आंब, म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, हीदेखील केसाळ ग्रंथींतून पाझरणारी संरक्षक द्रव्ये आहेत.

उष्णता, थंडी, पाण्याची टंचाई, पाणी साचणे, क्षार, गारपीट यांना अजैविक ताण म्हणतात; किडी, बुरशी, जिवाणू, विषाणू, सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) आणि तण यांच्यापासून होणाऱ्या त्रासाला जैविक ताण म्हणतात. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली, यावरून पहिल्या प्रकाराचे आपल्याकडील महत्त्व ध्यानात यावे. प्रत्यक्ष शेतात मात्र हे दोन प्रकार क्वचितच एकेकटे येतात.

पहिली पायरी: एकच झाड दोन वेळा पाहावे

दुपारी दोन वाजता कोमेजलेले पीक पाहून कोणताही निर्णय घेऊ नये. कडक उन्हात पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांच्या शोषणापेक्षा जास्त होतो आणि जमिनीत पुरेशी ओल असतानाही वेलवर्गीय भाज्या, कपाशी, सोयाबीन मान टाकतात. सायंकाळी ती पूर्ववत होतात. तेच झाड दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास पाहावे. रात्रभरात रंध्रे मिटलेली असताना मुळांना पाणी भरून काढायला पुरेसा वेळ मिळालेला असतो. तरीही पाने लोंबकळलेली असतील तर अडचण खरी आहे, आणि ती जमिनीत, मुळात किंवा खोडात आहे असे समजून पुढे जावे. माझ्या मते नवख्या शेतकऱ्याने लावून घ्यावी अशी ही सर्वांत उपयोगाची सवय आहे.

दुसरी पायरी: शेतभर फिरून त्रासाचा नकाशा काढावा

झाडाजवळ बसण्यापूर्वी बांधावरून संपूर्ण शेत पाहावे आणि त्रास कोठे कोठे आहे ते वहीत ढोबळमानाने काढावे. सखल भागात किंवा सरीच्या शेवटाला पट्टा पिवळा असेल तर पाणी साचण्याचा संशय घ्यावा. माथ्यावरच्या मुरमाड भागातच पीक सुकत असेल तर ओल कमी पडते आहे. ठिबकच्या एका नळीवरची सलग झाडेच वाळत असतील तर ड्रीपर तुंबलेले आहेत का ते आधी पाहावे. बांधालगतच्या ओळींत सुरुवात होऊन त्रास आत सरकत असेल तर बहुधा शेजारून येणारी कीड असते. निरोगी झाडांच्या मध्येच एखादे झाड मेलेले, आणि दर आठवड्याला त्याच्या आजूबाजूची आणखी झाडे तशी, असे चित्र जमिनीतून पसरणाऱ्या रोगाचे असते. अजैविक ताणाच्या खुणा सहसा जमिनीचा उतार, पोत आणि पाण्याची वाट यांना धरून असतात व एकाच वेळी दिसतात. जैविक ताण एका ठिकाणी सुरू होऊन पसरत जातो. याला अपवाद आहेत, पण तपासाची दिशा ठरवायला एवढे पुरते.

तिसरी पायरी: खुरपे घेऊन मुळापर्यंत जावे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि अर्ध्याहून अधिक उत्तरे येथेच असतात असे मी ठामपणे म्हणेन. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर, वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळाच होत नसेल तर ओल संपत आली आहे. गोळा होऊन हाताला चिकटत असेल आणि दाबल्यावर बोटांतून पाणी येत असेल तर जमीन दमट नव्हे, चिबड, म्हणजे पाण्याने तुंबलेली, झाली आहे. गोळा होतो, पण कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर फुटतो, ही वाफशाची स्थिती. वाफशावर मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असतात. मूळ हे श्वास घेणारे अंग आहे आणि पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेले मूळ पाण्यात उभे असूनही पाणी ओढू शकत नाही. झाड कोमेजते, तहानलेले वाटते, आणि नवखा माणूस त्याला आणखी पाणी देतो.

कपाशीतील आकस्मिक मर हे याचे विदर्भ-मराठवाड्यात दरवर्षी कोठे ना कोठे दिसणारे उदाहरण आहे. पावसाचा मोठा खंड पडतो, कपाशी पात्या (फुलकळ्या) व बोंडांवर असते, आणि मग जोराचा पाऊस होतो किंवा भरपूर ओलित दिले जाते. दीड-दोन दिवसांत हिरवीगार झाडे एकाएकी मान टाकतात. झाड उपटून पाहावे: मुळांवर कूज नाही, खोड उभे चिरले तर आत काळी रेघ नाही, आणि रोगट झाडाशेजारचे झाड अगदी ठणठणीत. हा रोग बुरशीचा नाही. गुदमरलेल्या मुळांत इथिलीन या संप्रेरकाचा पूर्वपदार्थ साचतो, तो वर पानांत जाऊन इथिलीन होतो आणि पाने झुकतात, पिवळी पडतात, पात्या गळतात. भरपूर बोंडे लागलेल्या झाडांना, म्हणजे ज्यांची पाण्याची व अन्नाची मागणी मोठी आहे त्यांना, हा झटका जास्त बसतो. उपाय वेळेवर करावा लागतो. साचलेले पाणी चर काढून त्याच दिवशी बाहेर काढावे, वाफसा येताच हलकी डवरणी करून माती मोकळी करावी. कोबाल्ट क्लोराईड इथिलीन तयार होण्याची क्रिया रोखते. म्हणून लक्षणे दिसताच पहिल्या एक-दोन दिवसांत १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे १० पीपीएम, या प्रमाणात त्याची फवारणी करण्याची शिफारस आहे. युरिया, पोटॅश आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड यांच्या द्रावणाची आळवणीही करतात, म्हणजे ते झाडाच्या बुडाशी ओततात. तिचे प्रमाण आपल्या भागातील कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे घ्यावे. पाने वाळून गेल्यावर यांतील कशाचाही उपयोग होत नाही.

माती पाहिली की मुळे पाण्यात हलकेच धुऊन पाहावीत. निरोगी कोवळी मुळे पांढरी व टणक असतात. तपकिरी, लिबलिबीत आणि साल ओढताच सुटून येणारी मुळे कुजलेली असतात. मुळांवर गाठी दिसल्या तर घाबरू नये आणि निर्धास्तही राहू नये. सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवर बाजूला चिकटलेल्या, बोटाने चोळताच निघून येणाऱ्या आणि कापल्यावर आतून गुलाबी असणाऱ्या गाठी नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या असतात व त्या हव्याच असतात. मूळच सुजून झालेल्या, ओढल्या तर मूळ तुटते पण गाठ सुटत नाही अशा गाठी सूत्रकृमींच्या असतात. टोमॅटो, वांगी, डाळिंब, काकडी यांत त्या विशेष आढळतात आणि अशी झाडे पाणी-खत असूनही उपाशी राहिल्यासारखी दिसतात.

जमिनीवर पांढरा थर दिसत असेल, जुन्या पानांची टोके व कडा करपत असतील आणि ओल असूनही पीक खुरटले असेल, तर क्षारांचा विचार करावा. सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या पट्ट्यात अति पाण्यामुळे आणि निचरा नसल्यामुळे अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर झाल्या आहेत. येथे पाणी असते, पण त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे मुळांना ते ओढता येत नाही. माती तपासल्याशिवाय जिप्सम टाकू नये. जिप्सम लागते ते चोपण जमिनीला, जिचा सामू (पीएच) ८.५ च्या वर असतो आणि मातीला सोडियम चिकटलेले असते. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला, जिची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असते, आधी निचरा आणि मग चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच मार्ग आहे.

चौथी पायरी: कोणते पान आधी बिघडले ते पाहावे

येथे सोयाबीनचे उदाहरण घेऊ, कारण जुलैअखेरीपासून सोयाबीन पिवळे पडले ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि तिची निदान तीन वेगवेगळी कारणे असतात.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांकडे पाठवू शकते. त्यामुळे त्यांची कमतरता खालच्या पानांवर आधी दिसते. सोयाबीनची खालची पाने एकसारखी फिकट होत असतील आणि मुळांवर गुलाबी गाठी नसतील तर नत्राची अडचण आहे. लोह मात्र झाडाला हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर येते: पान पिवळे, पण शिरा हिरव्या आणि रेखीव. चुनखडीयुक्त जमिनीत, विशेषतः पाणी साचून वाफसा मोडलेल्या भागात, असे होते. जमिनीत लोह असतेच, पण मुळांना ते घेता येत नाही. पाण्याचा निचरा झाला आणि वाफसा आला की पुष्कळदा नवी पाने आपोआप हिरवी येतात. तसे झाले नाही तर फेरस सल्फेटची ०.५ टक्के फवारणी करावी. तिसरे कारण पिवळा मोझॅक. यात पिवळेपणा शिरांना धरून नसतो, पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतात, आणि शेतात अशी झाडे सुरुवातीला विखुरलेली असतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. विषाणू झालेल्या झाडाला कोणतेही औषध बरे करीत नाही. पहिली काही झाडे दिसताच ती उपटून नष्ट करावीत, शेतात पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पांढऱ्या माशीचे नियंत्रण करावे. एकाच रंगाची ही तीन कारणे आणि तिन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत.

लाल होणारी पानेही अशीच फसवतात. कपाशीतील लाल्या हा एक रोग नसून थंड रात्री, ओलाव्याची तूट, नत्र व मॅग्नेशियमची उणीव आणि तुडतुडे यांपैकी एक किंवा अनेक कारणांनी पानातले हरितद्रव्य घटून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य वाढण्याचा परिणाम आहे. पानामागे तुडतुडे नसतील तर कीटकनाशक मारण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: पान उलटे करून भिंगातून पाहावे

मिरचीचे पान होडीसारखे वरच्या बाजूस वळले असेल तर फुलकिडे, आणि कडा खाली वळून पान उलट्या द्रोणासारखे झाले असेल तर कोळी, ही खूण बहुतांशी खरी ठरते. दोन्ही डोळ्यांना सहज दिसत नाहीत. पांढऱ्या कागदावर शेंडा आपटून कागदावरची हालचाल भिंगातून पाहावी. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, आणि पुष्कळ सामान्य कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरून तो वाढतो. तिसरी शक्यता चुरडा-मुरडा म्हणजे बोकड्या या विषाणूची, ज्यात पाने बारीक होऊन शेंड्याला गुच्छासारखी गोळा होतात व झाड खुजे राहते.

आणखी एका खुणेकडे आवर्जून लक्ष द्यावे. कपाशीची नवी पाने अचानक अरुंद, लांबट, बोटांसारखी चिरलेली आणि समांतर शिरांची येऊ लागली तर तो बहुधा २,४-डी या तणनाशकाचा परिणाम असतो. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला तुषार किंवा नीट न धुतलेला पंप एवढे कारण त्याला पुरते. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवावा.

सहावी पायरी: खोड चिरून पाहावे

सूर्योदयालाही मान टाकलेले एक झाड या कामी खर्ची घालावे. तुरीचे खोड बुंध्याजवळ सोलून पाहिल्यावर सालीखाली तपकिरी-काळ्या उभ्या रेघा दिसल्या तर तो बुरशीजन्य मर रोग. ही बुरशी पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढते आणि झाड तिला अडवण्यासाठी त्या नलिकांत डिंकासारखे पदार्थ भरते. शत्रूची वाट बंद होते, पण पाण्याचीही होते. उभ्या पिकात यावर भरवशाचा इलाज नाही. पुढच्या वर्षी प्रतिकारक वाण, ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची बीजप्रक्रिया, आणि त्या शेतात काही वर्षे तूर न घेता ज्वारीसारखे पीक, हाच खरा उपाय आहे. सोयाबीनच्या खोडात लालसर नागमोडी भुयार आणि आत बारीक अळी असेल तर खोडमाशी. देठावर किंवा खोडावर जवळजवळ दोन गोल कापे असतील आणि त्यांच्या वरचा भाग वाळत असेल तर चक्रीभुंगा. टोमॅटो किंवा वांग्याच्या मरगळलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात टोकाने बुडवून स्थिर धरावा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखे धागे खाली उतरू लागले तर जिवाणूजन्य मर आहे. अशा झाडाभोवतीचे पाणी शेजारच्या सरीत जाऊ देऊ नये.

येथेही कारण सापडले नाही तर मुळासकट पूर्ण झाड, त्याच्या बुडाची माती आणि शेजारचे एक निरोगी झाड वर्तमानपत्रात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुना सडतो आणि सडलेल्या नमुन्यावर भलत्याच बुरशी वाढतात.

सातवी पायरी: मागच्या पंधरवड्याचे हवामान आठवावे

यासाठीच वही. पाऊस, कमाल-किमान तापमान, ओलित, खत आणि फवारणी यांच्या तारखा लिहिलेल्या असतील तर अर्धे निदान घरबसल्या होते. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. याला टॉनिक मारून फळधारणा होत नाही. निफाडकडे किमान तापमान पाच अंशांच्या आसपास उतरते तेव्हा द्राक्षमण्यांना तडे जातात, आणि रावेर-यावलच्या केळीची वाढ त्याच सुमारास ठप्प होते. पहाटे पाणी देणे व धूर करणे हे त्यावरचे जुने आणि अजूनही केले जाणारे उपाय आहेत.

आठवी पायरी: उपाय कोणत्या क्रमाने करावा

कारण कळले की आधी मुळांची सोय करावी, मग पानांची. पाणी साचले असेल तर काढणे, तुटले असेल तर देणे, आणि तेही थोडे थोडे करून. कोरड्या जमिनीत, कोमेजलेल्या पिकाला रासायनिक खत घालू नये, कारण त्याचे क्षार मुळांभोवतीचे उरलेसुरले पाणीही झाडाला दुर्मीळ करतात. काळ्या जमिनीला भेगा पडण्याच्या आत कोळपणी करावी. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे रब्बी ज्वारी करणारे सांगतात आणि ते खरे आहे, कारण भुसभुशीत झालेला वरचा थर खालच्या ओलाव्याची वर येण्याची वाट तोडतो. उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट, गवत, जे हाताशी असेल त्याचे आच्छादन करावे. खंड लांबला तर पोटॅशियम नायट्रेटची एक टक्का फवारणी उपयोगी पडते, कारण रंध्रांची उघडझाप पोटॅशियमवर चालते. परंतु मुळाशी ओल अजिबात नसेल तर तिच्याकडून फार अपेक्षा करू नये.

फवारणी करावीच लागली तर ती सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर करावी. दुपारी मान टाकलेल्या पिकावर मारलेले द्रावण पान करपवते. चार औषधे एकत्र मिसळू नयेत. आणि प्रत्येक वेळी एक ओळ न फवारता सोडावी. आठ दिवसांनी फवारलेली आणि न फवारलेली ओळ सारखीच हिरवी दिसली, तर पीक औषधाने नव्हे, वाफशाने सुधारले आहे हे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळते. हा नियम पाळणारे शेतकरी थोडे आहेत, आणि तो प्रत्येकाने पाळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दुष्काळी खंडात जनावरे राखणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. पाण्याच्या ताणात वाढलेल्या ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत धुरीन नावाचे संरक्षक द्रव्य जास्त असते व जनावराने ते चघळताच त्यातून हायड्रोजन सायनाईड सुटते. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत त्यात जनावरे सोडू नयेत.

नववी पायरी: ताण मुद्दाम द्यायचा असेल तेव्हा

फळबागेत ताण हे शेतकऱ्याच्या हातातले अवजार आहे. डाळिंबाला पाणी मिळत राहिले तर ते वर्षभर थोडे थोडे फुलत राहते आणि एकगठ्ठा माल निघत नाही. पाणी तोडले की शेंडेवाढ थांबते, पानांनी केलेले अन्न नव्या पालवीवर खर्च न होता काड्यांत साठते, आणि पुन्हा पाणी मिळताच बाग एकाच वेळी फुलते. आंबे बहारासाठी (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडून जानेवारीच्या सुमारास सुरू करतात. मृग बहाराचा ताण एप्रिल-मेमध्ये, तर हस्त बहाराचा पावसाळा सरताना बसतो. हस्ताचा ताण पावसाच्या हाती असल्याने नवख्याने तो धरू नये, असे माझे मत आहे. लागवडीला दोन वर्षे पूर्ण न झालेल्या बागेला ताण देऊच नये.

ताण किती दिवस द्यावा याचे उत्तर जमिनीत आहे. हलक्या मुरमाड जमिनीत महिनाभर पुरतो, मध्यम ते भारी जमिनीत दीड महिना किंवा अधिक लागतो. दिवस मोजण्यापेक्षा पाने पाहावीत: ती निस्तेज होऊन पिवळसर पडू लागली आणि खालची गळू लागली की ताण बसला. काड्यांचे शेंडे वाळू लागले म्हणजे तो जास्त झाला. असे झाड पुढे खोडकिडा आणि मर यांना लवकर बळी पडते. ताण बसल्यावर हलकी छाटणी करावी, उरलेली पाने इथेफॉन या पानगळ घडवणाऱ्या रसायनाच्या फवारणीने गाळावीत, खते मातीत मिसळावीत आणि मग पाणी सोडावे. इथेफॉनची मात्रा बागेतील पानगळ व तापमान पाहून ठरवावी लागते, म्हणून पहिल्या वर्षी ती सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीवरून किंवा अनुभवी बागायतदाराला बाग दाखवूनच घ्यावी.

पहिले पाणी हलके द्यावे. तहानलेल्या बागेला पहिल्याच दिवशी भरपूर पाणी दिले तर फुलांऐवजी पालवी जोर धरते आणि आलेली फुले गळतात. त्यानंतरची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी, आणि एकदा फळ धरले की तोडणीपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नये. मध्येच ओल तुटली तर फळाची साल ताठरते व तिची ताणली जाण्याची क्षमता कमी होते. मग एखाद्या पावसाने किंवा जादा ओलिताने आतले दाणे फुगले की साल तडकते. म्हणून फळे वाढत असताना दर दोन-तीन दिवसांनी ठिबकखालची वीतभर खोल माती मुठीत दाबून पाहावी आणि त्यावरून ठिबकची वेळ ठरवावी.